काळी, मुरमाड की भरावाची? नाशिकच्या अंगणातली माती ओळखण्याची रीत

नाशिकमध्ये कुणी ‘आमच्याकडे ही झाडं येतच नाहीत, मातीच तशी आहे’ असं म्हणालं, की आधी विचारावं लागतं: तशी म्हणजे कशी? गोदाकाठच्या जुन्या मळ्यावर बांधलेल्या बंगल्याची माती वेगळी, पांडवलेणीच्या पायथ्याकडच्या उतारावरची वेगळी, आणि तळघराच्या खोदाईतून निघालेला मुरूम पसरून वर हिरवळ अंथरलेल्या सोसायटीची तर त्याहून वेगळी. तिघांना एकच सल्ला दिला तर निदान दोघांची झाडं जातात. खत कोणतं, पाणी किती, खड्डा केवढा, हे सगळे प्रश्न नंतरचे. आधी कुदळ मारून खाली काय आहे ते पाहायचं.

एकच दगड, दोन तऱ्हेची माती

ब्रह्मगिरीपासून अंकाई-टंकाईपर्यंत नाशिक जिल्ह्याखाली मुख्यतः एकच खडक आहे: काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे हे थर. पांडवलेणी कोरली आहेत तीही याच दगडात. या दगडात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर. मग इगतपुरीची माती तांबडी आणि निफाडची काळी का?

फरक पावसाने केला. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्याही वर पाऊस पडतो. एवढं पाणी मातीतून झिरपत राहिलं की कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातं आणि लोहाची गंजलेली तांबडी संयुगं मागे उरतात. माती थोडी आम्लधर्मी होते, चिकटपणा कमी होतो. पूर्वेकडे सरकू तसा पाऊस झपाट्याने उतरतो. नाशिक शहरात तो सातशे मिलिमीटरच्या आसपास, येवला-मालेगावकडे पाचशेच्या घरात. एवढ्या पाण्यात कॅल्शियम वाहून जात नाही, तिथेच चुनखडी होऊन साठतं. दगड कुजून तयार होणारी चिकणमातीही वेगळ्या जातीची होते, पाणी पिऊन फुगणारी आणि वाळली की आकसणारी. हीच आपली काळी माती.

उतारही मोजावा लागतो. टेकडीवरची बारीक माती पावसाबरोबर खाली उतरते, त्यामुळे माथ्यावर वीतभर मातीखाली मुरूम आणि मग कातळ, तर सखल भागात काळीचा थर दोन-तीन मीटर खोल. म्हणून चामर लेण्यांच्या डोंगराच्या उतारावरचं घर आणि तिथून दीड-दोन किलोमीटर नदीकडे सरकलेलं घर यांच्या मातीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. जिल्ह्यातल्या जुन्याजाणत्या शेतकऱ्यांच्या तोंडी काळी, माळ, कोरळ, बरड अशी नावं येतात. ती रंगावरून जेवढी पडली तेवढीच माती पाणी किती धरते यावरून पडली आहेत. बागेसाठीही हीच विभागणी कामाची.

एक गैरसमज इथेच दूर करू. काळी म्हणजे सेंद्रिय कर्बाने भरलेली, असं नाही. तिचा काळा रंग चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटलेल्या थोड्याशा कुजलेल्या अंशामुळे येतो. प्रत्यक्षात नाशिककडच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच सापडतो. उन्हाळ्यात तापणाऱ्या जमिनीत शेणखत, पालापाचोळा भराभर कुजून हवेत जातो. थंड देशात एकदा घातलेलं कंपोस्ट तीन-चार वर्षं पुरतं, आपल्याकडे दरवर्षी घालावं लागतं. यात कुणाची चूक नाही, उष्णतेचा हिशेबच तसा आहे.

खड्डा, सळई आणि बरणी

ओळख पटवायला फार साहित्य लागत नाही. कुदळ, पहार, १२ मिलिमीटरची चार फुटी लोखंडी सळई, काचेची सरळ बरणी, घरातलं पांढरं व्हिनेगर आणि एक दिवस.

आधी ४५ सेंटिमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या. त्याची एक भिंत खुरप्याने सरळ तासून नीट बघा. सगळीकडे एकसारखी काळी माती दिसली आणि खाली पांढरे बारीक चुनखडीचे खडे लागले तर ती खरी काळी जमीन. वर वीतभर माती आणि खाली भुसभुशीत पिवळट-तांबूस दगड लागला तर मुरमाड. मध्येच विटांचे तुकडे, प्लास्टर, फरशीचे कपचे, प्लास्टिक निघालं तर तो भराव. नव्या बांधकामांभोवती भरावच जास्त सापडतो. त्यातला एक प्रकार फसवा आहे: वर फूटभर मुरूम, खाली मूळची काळी. पाणी मुरमातून झरझर उतरतं आणि काळीच्या पाठीवर येऊन थांबतं. वरून जमीन कोरडी दिसते म्हणून आपण आणखी पाणी घालतो आणि खाली मुळं कुजत राहतात. चांगलं वाढलेलं झाड दुसऱ्या पावसाळ्यात अचानक माना टाकतं त्यामागे अनेकदा हेच असतं.

सळई कशासाठी? जमीन ओलसर असताना ती हाताने खाली दाबत जायची. सहज ४० सेंटिमीटर गेली तर ठीक. २०-२५ सेंटिमीटरवर थाडकन अडली, बाजूला फूटभर सरकून पुन्हा तिथेच अडली, तर खाली जेसीबी आणि रोलरने दाबलेला थर आहे. एखाद्याच जागी अडली तर तो दगड. पाच-सहा ठिकाणी करून बघा. हा थर पहारेने फोडल्याशिवाय वर कितीही खत घातलं तरी मुळं खाली जात नाहीत.

आता बरणी. १५ सेंटिमीटर खोलीवरची माती सावलीत वाळवून ढेकळं फोडा, खडे काढा. बरणीचा एक तृतीयांश भाग मातीने भरा, उरलेली जवळजवळ काठोकाठ पाण्याने, आणि त्यात कपड्यांची पावडर एक छोटा चमचा. पाच मिनिटं जोरात हलवून सपाट जागी ठेवा. एका मिनिटात तळाशी बसते ती वाळू, तिथे पेनाने खूण करा. दोन तासांनी त्यावर बसलेला थर पोयट्याचा, म्हणजे वाळूपेक्षा बारीक पण चिकणमातीपेक्षा जाड कणांचा, दुसरी खूण. उरलेली चिकणमाती बसायला दोन दिवस लागतात. काळ्या मातीत तर तिसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असतं, आणि तीच तिची पहिली साक्ष. काळीची चिकणमाती पाण्यात फुगते, म्हणून बरणीतला वरचा थर प्रत्यक्षापेक्षा जाड दिसतो. तिथे अर्धी बरणी चिकणमाती दिसली तर प्रत्यक्षात थोडी कमी धरा.

बरणीचा निकाल येईपर्यंत हाताने ताडून पाहा. मूठभर माती कणकेसारखी मळून अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढा. ५ सेंटिमीटरहून लांब पट्टी न तुटता निघाली तर भारी चिकणमाती. अडीच ते पाच सेंटिमीटरवर तुटली तर मध्यम. पट्टीच निघत नसेल आणि बोटांना खरखर लागत असेल तर हलकी.

चुनखडीचा फेस

चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगरचे दहा-बारा थेंब टाका आणि कान जवळ न्या. नुसती चुरचुर ऐकू आली तर चुनखडी थोडी. डोळ्यांना दिसेल असा फेस आला तर भरपूर. इगतपुरी-त्र्यंबककडच्या तांबड्या मातीवर काहीच होणार नाही. भरावाची माती फेसाळली तर ती प्लास्टर-सिमेंटमुळेही असू शकते, म्हणून तुकडे वेचून काढून पुन्हा बघा.

हा फेस एवढा महत्त्वाचा का, ते लिंबाच्या झाडावर दिसतं. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी, अगदी फिकट, पण त्यांच्या शिरा मात्र हिरव्यागार, जणू पिवळ्या कापडावर हिरव्या दोऱ्याची जाळी. जुनी पानं ठीक. ही लोहाची कमतरता. जास्वंद, गुलाब, मोगरा, पेरू, अनंत यांच्यावरही ती अशीच दिसते. गंमत अशी की बेसॉल्टच्या मातीत लोह तोटा येण्याइतकं कमी कधीच नसतं. पण चुनखडीने मातीचा सामू, म्हणजे पीएच, ८ च्या वर ठेवला की लोह विरघळत नाही आणि मुळांना उचलता येत नाही. पावसाळ्यात पाणी साचलं की त्रास वाढतो, कारण चुनखडी आणि साचलेल्या पाण्यातला कर्बवायू यांतून बायकार्बोनेट तयार होऊन मुळांची उरलीसुरली वाटही अडवतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पिवळं पडलेलं झाड दिवाळीत आपोआप सावरलेलंही दिसतं.

इथे युरिया देणारे बरेच. नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी पडतात, आणि ती शिरांसकट. कोवळ्या पानांवर शिरा हिरव्या असताना युरिया दिला तर झाड आणखी कोवळी पानं काढतं आणि तीही पिवळीच निघतात.

उपाय असा. एक लिटर पाण्यात आधी १ ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा, मग ५ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. द्रावण फिकट हिरवं दिसलं पाहिजे. तांबूस झालं तर लोह गंजलं, ते फवारून उपयोग नाही. संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. भर उन्हात फवारलं तर पानांच्या कडा करपतात. हिराकस नुसता मातीत टाकू नये. चुनखडीत तो काही दिवसांतच निकामी होतो. मातीतून द्यायचाच तर मोठ्या झाडाला ५० ग्रॅम हिराकस ५ किलो ओलसर शेणखतात आठ-दहा दिवस मुरवून मग आळ्यात मिसळा. दुकानात चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रेणूत गुंफून विरघळतं ठेवलेलं लोह, मागितलं तर बहुधा ईडीटीए प्रकारचं मिळतं. ते फवारणीला चालतं, पण आपल्या सामूच्या मातीत टिकत नाही. मातीतून द्यायला ईडीडीएचए प्रकारचंच घ्या. महाग पडतं, पण काम करतं.

‘गंधक घालून सामूच उतरवू’ असं अनेकांना वाटतं. हिशेब करून बघू. एक चौरस मीटर जागेतल्या १५ सेंटिमीटर थराची माती भरते साधारण २०० किलो. तिच्यात ५ टक्के चुनखडी असेल तर झाली १० किलो. ती संपवायला सव्वातीन किलो गंधक लागतं, तेही एका चौरस मीटरला. आणि खालच्या थरातली चुनखडी जशीच्या तशी. एवढं गंधक घालणं व्यवहार्य नाही आणि मुळांनाही सोसणार नाही. चुनखडी असलेल्या जमिनीचा सामू बदलण्याचा नाद सोडावा. अनंत, इक्झोरा, अझेलिया अशी आम्लधर्मी माती मागणारी झाडं कुंडीत तांबड्या मातीत लावावी, आणि जमिनीत तिला मानवणारी. जिल्ह्यातले द्राक्ष बागायतदारही याच वाटेने गेले. क्षार आणि चुनखडी सोसणाऱ्या डॉगरिजसारख्या जंगली द्राक्षवेलाच्या खुंटावर, म्हणजे त्याच्या मुळांवर, त्यांनी द्राक्षाचं कलम बांधलं.

ओघात आलं म्हणून: राख, चुना, अंड्याची टरफलं, एप्सम सॉल्ट हे सगळे सल्ले पावसाने धुतलेल्या आम्लधर्मी मातीच्या प्रदेशांतले आहेत. तिथे ते बरोबर. आपल्या काळीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आधीच भरपूर आहे, आणि राखेने सामू आणखी चढतो. चुलीची राख काळ्या मातीत टाकू नका.

जिप्सम कुणाला?

जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, घातलं की काळी माती भुसभुशीत होते असं सर्रास सांगितलं जातं. ते सोडियम साठलेल्या, म्हणजे चोपण जमिनीपुरतंच खरं आहे. तुमची चोपण आहे का, ते असं बघा. पेलाभर पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या, नळाचं नको. त्यात हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा आणि पेला हलवू नका. ढेकूळ विरघळून ढीग झाला पण भोवतीचं पाणी स्वच्छ राहिलं, तर मातीत सेंद्रिय अंश कमी, इलाज शेणखत. ढेकळाभोवती दोन तासांत दुधासारखं गढूळ वलय पसरलं, तर सोडियम आहे. तेव्हा चौरस मीटरला अर्धा किलो जिप्सम वरच्या १०-१५ सेंटिमीटरमध्ये मिसळून भरपूर पाणी द्या, म्हणजे सुटलेलं सोडियम खाली धुऊन जाईल. निचराच नसेल तर ते धुतलं जाणार नाही आणि जिप्सम वाया. कालव्याखालच्या सखल जागा, आणि वर्षानुवर्षं बोअरचं खारट पाणी घेतलेल्या बागा यांत ही शंका आधी घ्यावी. आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी झाडांना घालणंही याच कारणाने थांबवा. ते वाचवलेलं पाणी वाटतं, पण त्यात मूळ पाण्यातले सगळे क्षार घट्ट होऊन उतरलेले असतात. फरशी पुसायला वापरा.

निचरा मोजताना उन्हाळा फसवतो

३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा पाण्याने भरा. जिरलं की पुन्हा भरा आणि आता तासाला पातळी किती उतरते ते पट्टीने मोजा. तासाला अडीच ते साडेसात सेंटिमीटर उतरली तर उत्तम. एक सेंटिमीटरही नाही उतरली तर जमिनीच्या पातळीवर झाड लावायचंच नाही. दहाच्या वर उतरत असेल तर माती पाणी धरत नाही, तिथे खत आणि पाणी दोन्ही थोडं थोडं पण वारंवार.

काळ्या जमिनीत ही चाचणी एप्रिल-मेमध्ये केली तर हमखास खोटी येते. भेगा पडलेल्या असतात, पाणी त्यांतून गायब होतं आणि आपल्याला वाटतं निचरा फारच छान. जूनमध्ये माती फुगून त्याच भेगा मिटतात आणि तोच खड्डा आठवडाभर पाणी धरून बसतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये करा. उन्हाळ्यातच करायची झाली तर आदल्या दिवशी खड्डा तीन-चारदा भरून भोवतीची माती आधी फुगू द्या.

वाफसा

भारी जमिनीचं अर्धं बागकाम या एका शब्दात आहे. पाऊस किंवा पाणी दिल्यानंतर मातीत जेवढी ओल तेवढीच हवा खेळू लागते ती अवस्था म्हणजे वाफसा. या अवस्थेत काळी माती खुरप्याखाली रव्यासारखी फुटते. त्याआधी एक-दोन दिवस तिच्यात पाय जरी पडला तरी कण एकमेकांवर घसरून घट्ट बसतात, आणि वाळल्यावर दगडासारखं ढेकूळ होतं. ते पुढच्या पावसापर्यंत सुटत नाही. बागेचं सगळ्यात मोठं नुकसान खतावाचून होत नाही, ओल्या मातीत केलेल्या खोदाईने होतं.

ओळखायचं असं: १० सेंटिमीटर खालची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून जमिनीवर टाका. गोळा फुटून त्याचे दाणे झाले तर वाफसा आला. पचकन चपटा झाला तर थांबा. गोळाच होत नसेल तर उशीर झाला, हलकं पाणी देऊन दोन दिवसांनी बघा. पावसाची उघडीप मिळाल्यावर मुरमाड जमिनीत दुसऱ्याच दिवशी काम करता येतं, मध्यम जमिनीला दोन-तीन दिवस लागतात, भारी काळीला चार ते सहा. वरचा पापुद्रा वाळला म्हणून फसू नका, परीक्षा १० सेंटिमीटर खालच्या मातीची.

काळीत वाळू नको

‘चिकट आहे ना, मग वाळू मिसळा.’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो पैशाचं व मातीचं नुकसान करतो. १० बाय १० फुटांचा वाफा एक फूट खोल धरला तर बरोबर एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, माती झाली. चिकणमातीचा स्वभाव बदलायचा तर निम्मी तरी वाळू हवी, म्हणजे अर्धा ब्रास माती उपसून अर्धा ब्रास वाळू आत. घमेली-दोन घमेली टाकली तर चिकणमाती वाळूच्या कणांमधल्या फटी भरून काढते आणि उन्हात त्याची वीट होते. क्रश सँडमधली दगडाची भुकटी तर हे आणखी लवकर घडवते.

त्यापेक्षा शेणखत. पहिल्या वर्षी ८ सेंटिमीटरचा थर, पुढे दरवर्षी ५ सेंटिमीटरचा. बांधकामाचं घमेलं १२ लिटरचं धरलं तर ५ सेंटिमीटर थराला चौरस मीटरमागे चार घमेली लागतात. वाफशावर वरच्या १५-२० सेंटिमीटरमध्ये मिसळा. खत पूर्ण कुजलेलं हवं: हातात घेतल्यावर गार, वास मातीचा, गवताची काडी ओळखू येत नाही असं. अर्धवट कुजलेल्या शेणातून हुमणीच्या अळ्या येतात आणि मुळं खातात. पांढुरकी, इंग्रजी ‘सी’सारखी वाकलेली अळी खतात दिसली तर वेचून काढा, तसंच टाकू नका.

आणि गादीवाफा करा. १ मीटर रुंद, २५-३० सेंटिमीटर उंच, मध्ये ४० सेंटिमीटरची वाट. वाटेतलीच माती उचलून गादीवर चढवायची, म्हणजे बाहेरून काही आणावं लागत नाही आणि वाट आपोआप पाण्याची चर होते. एकदा केल्यावर गादीवर पाय द्यायचा नाही, दोन्ही बाजूंनी हात पोचतो एवढीच रुंदी म्हणून ठेवली आहे. मुघल काळात या शहराला गुलशनाबाद म्हणत. गुलाब काळ्या मातीत आजही सुरेख येतो, फक्त त्याच्या मुळांशी पाणी थांबता कामा नये. वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर, गुलाब, शेवंती, सगळं गादीवर.

मोठ्या झाडांच्या बाबतीत एक चूक फार महागात पडते. काळ्या जमिनीत तीन फुटी खोल खड्डा खणून त्यात नर्सरीची तांबडी माती आणि खत भरतात. खड्ड्याच्या भिंती कुदळीने गुळगुळीत झालेल्या, भोवती चिकणमाती. पहिल्या मोठ्या पावसात भोवतालचं पाणी त्या मऊ मिश्रणात उतरतं आणि बाहेर जायला वाट नाही. तो खड्डा राहत नाही, हौद होतो. मुळंही गोड मिश्रण सोडून बाहेरच्या मातीत जात नाहीत, कुंडीतल्यासारखी गोल फिरतात. काळीत खड्डा रोपाच्या पिशवीएवढाच खोल आणि तिच्या तिप्पट रुंद घ्या, भिंती पहारेने खरवडून खडबडीत करा, निघालेलीच माती एक चतुर्थांश शेणखत मिसळून परत भरा, आणि रोप २०-३० सेंटिमीटर उंच वरंब्यावर बसवा. शेणखत मातीत वरच्या भागातच असू दे.

मुरमाड जमिनीत याच्या उलट. तिथे मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा एप्रिलमध्येच घेऊन उन्हात तापू द्या, तळाला पहारेने भेगा पाडा, आणि दोन भाग चांगली माती, एक भाग शेणखत भरा. सीताफळ, डाळिंब, शेवगा, बोर यांना मुरूम मानवतो, उगाच त्याला दोष देऊ नये. भरावात आधी तुकडे वेचणं आणि दाबलेला थर फोडणं. तेवढं जमत नसेल तर त्यावरच ४५ सेंटिमीटर उंच विटांचा वाफा बांधून चांगली माती भरणं स्वस्त पडतं.

कुंडीत निव्वळ काळी माती कधी भरू नका. वाळली की कडेपासून आकसते, पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं आणि गड्डा आतून कोरडाच राहतो. चार भाग तांबडी किंवा पोयट्याची माती, तीन भाग कंपोस्ट, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग जाड वाळू आणि १० इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड, हे मिश्रण बहुतेक झाडांना चालतं. इगतपुरी-त्र्यंबककडच्यांना तांबडी माती अंगणातच मिळते. त्यांनी खत एकदम न देता पावसाळाभर थोडं थोडं द्यावं, नाहीतर ते ओढ्याला जातं.

उन्हाळ्यातली भेग

भेगा पडल्यावर नळी धरून पाणी थेट भेगेत सोडू नका. ते मुळांच्या खाली उतरतं. भेगा रुंदावताना बारीक मुळं तुटलेली असतात, म्हणून झाड पाणी दिसत असून सुकतं. भेगेत शेणखत आणि चाळलेली माती सारून भरा, वर ५ ते ८ सेंटिमीटर पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरा, बुंध्यापासून चार बोटं सोडून. पाणी दोन हप्त्यांत द्या: आधी माती नुसती भिजेल एवढं, अर्ध्या तासाने उरलेलं. पहिल्या पाण्याने वरचा थर फुगून भेगा मिटतात आणि दुसरं पाणी सगळीकडे सारखं मुरतं. खरं तर पाचट मार्चच्या सुरुवातीला, ओल असतानाच पसरलं तर भेगा रुंदावतच नाहीत.

प्रयोगशाळेला काय विचारायचं

हाताच्या चाचण्यांनी पोत, निचरा आणि चुनखडी कळते. अन्नद्रव्यं मात्र कळत नाहीत. त्यासाठी नमुना द्यावा. नाशिकमध्ये शासकीय मृद चाचणी प्रयोगशाळा आहे, शिवाय यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. नमुना पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये, खत घालण्यापूर्वी घ्या. बागेत सहा-सात ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा २० सेंटिमीटरचा खड्डा करून त्याच्या एका बाजूची दोन बोटं जाडीची चकती वरपासून तळापर्यंत कापायची. भिंतीलगतची, खताच्या ढिगाखालची, झाडाच्या बुंध्यापाशी असलेली जागा टाळा. गंजकी अवजारं वापरू नका, लोहाचा आकडा चुकतो. सगळी माती एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेली पुन्हा मिसळून पुन्हा तसंच, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवून कापडी पिशवीत द्या. भराव आणि मूळची जमीन दोन्ही असतील तर नमुने वेगळे.

अहवाल हातात आला की आधी चार आकडे बघा. सामू साडेसहा ते साडेसातच्या मध्ये असेल तर भाग्य, आठच्या वर असेल तर लोह-जस्ताची काळजी. क्षारता मीटरला १ डेसिसायमनच्या (अहवालात dS/m) आत हवी. सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांखाली कमी, ०.६० च्या वर गेला की तुमची शेणखताची मेहनत दिसायला लागली. लोह ४.५ पीपीएमखाली (पीपीएम म्हणजे दहा लाखांतले भाग) आणि जस्त ०.६ पीपीएमखाली असेल तर कमतरता समजा. स्फुरद, पालाशाचे आकडे त्यानंतर.

२०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासतात, पण मुक्त चुनखडी त्यांत धरलेली नाही. व्हिनेगर टाकल्यावर तुमच्या मातीला फेस आला असेल तर नमुना देतानाच मुक्त चुनखडीची तपासणी वेगळी मागून घ्या. ती १० टक्क्यांच्या वर निघाली तर लिंबू जमिनीत लावायचं की मोठ्या कुंडीत, हे रोप आणण्याआधीच ठरवता येईल.